करमणुकीला अनुदान नाही

सुमन,

तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातला मांडव उतरला, आणि काल दुपारी प्रभाकरभाऊ ग्रंथालयाच्या किल्ल्या घेऊन माझ्या दारात आले. खत-बियाण्याच्या दुकानातून तसेच उठून आले असावेत, सदऱ्यावर पांढरी भुकटी होती. "बाई, ह्या तुमच्याजवळच ठेवा," म्हणाले. "घरी खुंटीवर दिसल्या का मले वाटते, ते आत्ता उठन आन् किल्ल्या मांगन." नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही ही त्यांची सवय तू गेल्यावरही सुटली नाही. मी किल्ल्या घेतल्या. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

लाखांदूरच्या या सार्वजनिक ग्रंथालयाची तू ग्रंथपाल, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. नातं नाही, जात एक नाही, गाव एक नाही. तेरवीच्या पंगतीत तुझ्या जाऊबाईंनी मला विचारलं, "तुमचं न् सुमनचं काय होतं वं बाई, येवढं वर्षानुवर्षं संगं फिरायले?" मी म्हटलं, "आम्ही अर्ज करत होतो." त्यांना ते कळलं नाही. सांगून झाल्यावर मलाही ते फार थोडं वाटलं. पण खरंच, आपण दुसरं काय केलं?

बदली होऊन मी इथे आले तेव्हा सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. शाळा सुटल्यावर खोलीत एकटीने करायचं काय, म्हणून पुस्तक घ्यायला आले. तू टेबलाशी बसून एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होतीस. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. तू मान वर न करता पहिला प्रश्न विचारलास, "तुमचं अक्षर कसं आहे जी?"

"बरं आहे."

"मंग बसा. भंडाऱ्याच्या साहेबाले एक अर्ज लिहून पाहिजे. माझं अक्षर पाहून मांगच्या वर्षी त्याईनं वाचलाच नाही."

मी बसले. पुस्तक न्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

एक परिपत्रक आलं होतं. ग्रंथालयाने आपल्या संग्रहाचा उपयोग करून काही शैक्षणिक उपक्रम केला, तर त्यासाठी लहानसं अनुदान मिळू शकेल, असं त्यात होतं. तू ते इतक्यांदा वाचलं होतंस की घड्यांवर कागद विरला होता. "संग्रह म्हणजे आपल्याजवळ काय आहे?" मी विचारलं. तू खळीचा हात लुगड्याच्या पदराला पुसत मला कोपऱ्यातल्या कपाटापाशी नेलंस. आत वरपासून खालपर्यंत नाटकं. सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, मुखपृष्ठ असलेली, नसलेली. गावातल्या एका नाटकवेड्या गृहस्थाने जन्मभर जमवलेली ही पुस्तकं त्याच्या मागे मुलांनी ग्रंथालयाला देऊन टाकली होती. धान निघालं, मंडईच्या जत्रा भरू लागल्या की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, तेव्हा हे कपाट रिकामं व्हायचं. उन्हाळ्यात पुस्तकं परत यायची, पानाच्या पिचकारीचे डाग आणि रंगाच्या बोटांचे ठसे घेऊन. तुला त्या डागांचा राग नव्हता. "वापरलं गेलं," एवढंच म्हणायचीस आणि खळ कालवायला घ्यायचीस.

आणि तुझ्या बाया. ग्रंथालयाच्या ओसरीत दुपारी सावली असते म्हणून बिडीवाल्या बाया सूप घेऊन तिथे बसायच्या. तेंदूच्या पानात तंबाखू भरून बिड्या वळत राहायच्या आणि तू आतून पुस्तकं डकवता डकवता त्यांना नाटक वाचून दाखवायचीस. एकच नाटक इतक्यांदा मागायच्या की त्यांना संवाद पाठ झाले होते. तू एखादं वाक्य गाळलंस की ओसरीतून हाक यायची, "ओ सुमनबाई, सुनेचं बोलणं खाऊन टाकलं तुम्ही!"

भागीरथाबाईंचा तो दिवस मी प्रत्यक्ष पाहिला, म्हणून लिहिते. पन्नाशीच्या पुढची बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तू पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलंस. "तुले पाठ आहे ना? मंग म्हण, आन् बोट फिरव." ती म्हणू लागली, "दरवाजा उघडा! या घराची सून बाहेर उभी आहे!" तोंड धावत पुढे, बोट मागे. तू तिचं बोट धरून पहिल्या शब्दावर आणलंस. "हा दरवाजा. असाच या पानावर आनखी कुठं दिसते का पाय." ती बराच वेळ वाकून बसली. बाकीच्या बायांचे हात थांबले. मग तिने पानाच्या तळाशी बोट टेकवलं. "हा बी दरवाजाच होय ना जी?" तो दरवाजाच होता. त्या आठवड्यात ती बाजारातून धावत आली आणि दारातूनच सांगू लागली, की कोपऱ्यावरच्या पाटीवर तिला 'द' दिसला, 'वा' दिसला, आणि ते दवाखाना निघालं. "मी रोज त्याच्या म्होरून जातो बाप्पा, आजवर त्यानं मले सांगतलंच नाही!"

मी बावीस मुलांच्या वर्गात पाटीवर अ आ गिरवून घेणारी बाई. ते पाहून मला काय वाटलं हे तुला मी तेव्हाही नीट सांगितलं नाही. मला तुझा हेवा वाटला होता.

आपण अर्ज लिहिला. 'ग्रंथालयातील नाट्यसंग्रहाच्या आधारे महिला वाचनवर्ग.' तीन प्रती, मध्ये कार्बन. अध्यक्षांची सही, मागच्या वर्षाचा हिशेब, बायांची नावं, लागणाऱ्या सामानाचा तपशील: नाटकांच्या जादा प्रती, सतरंजी, फळा. उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुना मागवला. तो यायच्या आत मुदत संपली. पुढच्या वर्षी नमुना होता तर अध्यक्ष लग्नाला गेलेले. त्याच्या पुढच्या वर्षी आपण ठरवलं, की टपालाच्या भरवशावर राहायचं नाही, आपणच जायचं.

पवनीवरून जाणारी ती एसटी. खिडकीशी तू, शेजारी मी, मांडीवर अर्जाची पिशवी आणि डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे. अड्याळ येईपर्यंत वडे संपायचे आणि भंडारा येईपर्यंत तुझं बोलणं. कचेरीत आपल्याला बाकावर बसवलं. जेवणाची सुट्टी झाली, सुट्टी संपली, तरी आपण बाकावरच. शेवटी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "नाटक म्हणजे करमणूक, बाई. करमणुकीला अनुदान नाही. हे शिक्षणाचं खातं आहे."

तू म्हणालीस, "साहेब, तुम्ही वाचायले कायच्यावर शिकले?"

"शाळेच्या पुस्तकावर."

"आवडे का तुमाले ते पुस्तक?"

साहेब हसले. शिपाईसुद्धा हसला. पण अर्ज परत दिला.

त्या दिवशी परतीची गाडी चुकली आणि मी तुला भंडाऱ्याजवळच शहापूरला माझ्या आईकडे घेऊन गेले. आईने तुला गरम भात वाढला, तू पायांना तेल लावून घेतलंस, आणि आपलं पहिलं भांडण माझ्या आईच्या स्वयंपाकघरात झालं. मी म्हटलं, अर्जात नाटक लिहायचं कशाला? 'महिला आरोग्य व गृहजीवन वाचनवर्ग' असं लिहू. त्यांना हवं ते त्यांना देऊ, वर्गात आपल्याला हवं ते करू. तू ताट बाजूला सारलंस. "म्हणजे आपण जे करून राहिलो ते खोटं, आन् जे नाही करत ते खरं?"

"पैसे मिळतील, सुमन."

"पैसे मिळतीन. पण मंग त्याईच्या वहीत नाटकानं कोणी शिकलं असं कधीच लिहिलं जाणार नाही."

"त्यांच्या वहीत काय लिहिलंय याच्याशी तुझ्या भागीरथाबाईला काय करायचंय?"

आई म्हणाली, भात निवला. आपण जेवलो.

उत्तर तू मला नंतर, परतीच्या गाडीत दिलंस. ग्रंथालयाचे अध्यक्ष गावातले मोठे धान व्यापारी. त्यांना त्या बाया ओसरीत नको होत्या. तंबाखूचा वास येतो, सभ्य वाचक येत नाहीत, ग्रंथालय आहे की बिडीचा कारखाना, असं ते चारचौघांत बोलून दाखवत. "सरकारनं एकदा कागदावर म्हटलं का हे शिक्षण आहे, तर याइले कोणी उठवू शकत नाही," तू म्हणालीस. "मले पैसे थोडेच पाहिजे इंदू. मले तो शिक्का पाहिजे." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू कशासाठी बाकावर बसून राहतेस.

तरी शेवटी तू माझं ऐकलंस. पुढच्या अर्जात मी आरोग्य लिहिलं, गृहजीवन लिहिलं, आणि तू खाली सही केलीस. सही करताना माझ्याकडे पाहिलं नाहीस. अनुदान मंजूर झालं. अध्यक्षांनी स्वतः पेढे वाटले. ओसरीतल्या बाया आत सतरंजीवर आल्या. भंडाऱ्याहून वाचनपुस्तिकांचा गठ्ठा आला: 'कमल, पाणी उकळ. विमल, नखे काप.' बायांनी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या आल्याच नाहीत. भागीरथाबाई मला म्हणाली, "बाई, ह्या कमलले काही सासर-माहेर आहे का नाही? नुसतं पाणीच उकळत राहते." तू काही न बोलता कपाट उघडलंस आणि सुनेचं नाटक काढलंस. पुढच्या आठवड्यात सतरंजी पुन्हा भरली.

मग तपासणी आली. तेच साहेब, यावेळी जीपने. तू घाबरली नव्हतीस, मी घाबरले होते. त्यांनी वाचनपुस्तिका उघडायला सांगितली नाही. हुशार माणूस, पिशवीतून एक नवीन पत्रक काढलं, लहान मुलांना जुलाब झाले तर काय करावं याचं, आणि भागीरथाबाईच्या हातात दिलं. "आजी, हे वाचून दाखवा."

ती उभी राहिली. पदर सावरला. आणि तिला वाचनाची जी एकच रीत ठाऊक होती त्या रीतीने, छाती भरून घेऊन, समोरच्या भिंतीपलीकडच्या प्रेक्षकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सुरुवात केली. "एक पेला! स्वच्छ! पाणी घ्या! त्यात... चिमूटभर मीठ..." इथे आवाज खाली, जसं काही विषच कालवायचं आहे. "आणि साखर टाका!" हात वर. जोडाक्षराशी अडली, मागे आली, पुन्हा झेप घेतली. बाया पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. पण तिने पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. छापखान्याचं नावही वाचलं.

साहेबांनी चहा घेतला, टाळ्या वाजवल्या, आणि जाऊन शेरा लिहिला. वाचक अभिनय करतात. उपक्रम मंजूर उद्दिष्टाशी सुसंगत नाही. अनुदान पुढे चालू ठेवू नये.

मला आठवतं, तो शेरा मी तुला वाचून दाखवला. तू म्हणालीस, "वाचते हे तरी लिहिलं का कुठं?" मी पुन्हा वरून खालपर्यंत पाहिलं. 'वाचक' असं लिहिलं होतं. तू म्हणालीस, "बस. वाचक म्हटलं ना. झालं." आणि ओसरीत जाऊन बसलीस. मी आत बसून तो शेरा फाइलला लावला.

अनुदान थांबलं तसा अध्यक्षांचा आवाज परत आला. त्यांनी कार्यकारिणीत ठरवून टाकलं, की ग्रंथालयाची जागा फक्त सभासदांसाठी. बायांनी दुसरीकडे बसावं. तो कागद त्यांनी शिपायाच्या हाती न पाठवता स्वतः आणून तुझ्या टेबलावर ठेवला. मी तिथेच होते. तू तो वाचलास, आणि मला वाटलं, आता तू रडशील किंवा राजीनामा देशील. तू विचारलंस, "सभासद म्हणजे कोण, भाऊसाहेब?"

"नियमात आहे. गावचा राहणारा, वयात आलेला, ज्याला लिहिता-वाचता येते, वर्गणी भरते. तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे जी. एकदा तुमच्या तोंडून ऐकून घेतलं."

त्यापुढचे काही दिवस ओसरीत नाटक झालं नाही. नुसत्या सह्या. कोणी जमिनीवर काडीने, कोणी पाटीवर, कोणी सुपातल्या तंबाखूत बोटाने आपलं नाव गिरवत होती. पार्वताबाईला 'र्व' जमेना, ती म्हणे, मी नाव बदलून घेतो. वर्गणी बिडीच्या मजुरीतून आली. मग एका सकाळी सगळ्या आंघोळी करून, धुतलेली लुगडी नेसून आल्या आणि तुझ्या टेबलापुढे रांग लावली. प्रत्येकीने सभासदपत्रावर आपल्या हाताने सही केली. अध्यक्षांना निरोप गेला. ते आले, दारात थांबले. भागीरथाबाई सही करत होती. इतकी सावकाश, इतकी दाबून, की खालच्या कागदावरही तिचं नाव उमटलं. सही झाली. तिने दौत सरकवली आणि अध्यक्षांना म्हणाली, "रामराम जी. या ना आत."

ते आत आले नाहीत. पण तो ठराव पुन्हा कोणी काढला नाही. पुढच्या वार्षिक सभेला मागच्या तीन ओळी लुगड्यांनी भरल्या आणि भागीरथाबाई कार्यकारिणीवर निवडून आली. अध्यक्षही निवडून आले. त्या सभेत त्यांनीच तिला खुर्ची दिली, हेही सांगायला हवं. ते काही राक्षस नव्हते. त्यांना बाया चालत नव्हत्या, सभासद चालत होते.

मला वाटलं, आता सुटलो. जागा मिळाली, ती कोणाच्या शिक्क्याने नाही, बायांच्याच सहीने मिळाली. आता बाकावर बसणं नको, विहित नमुना नको, तीन प्रती नकोत. आणि त्याच उन्हाळ्यात तू कार्बन घेऊन माझ्या दारात उभी. "मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे."

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. दरवर्षी मी म्हणायची, कशाला? दरवर्षी तू म्हणायचीस, लिहून तर दे. भंडाऱ्याला झालं, मग नागपूरच्या एका विश्वस्त संस्थेला, मग राईस मिलवाल्यांच्या संघाला. प्रत्येक अर्जात तू तेच शीर्षक घालायला लावलंस, नाट्यसंग्रहाच्या आधारे. एकदा नागपूरवाल्यांनी नाटकांच्या काही प्रती पाठवल्या. बाकी नकारच आले, काही छापील, काही तोंडी. काही ठिकाणांहून तर नकारही आला नाही. माझे गुडघे दुखायला लागले होते. शाळेत इन्स्पेक्टर, घरी आईचं आजारपण, आणि वर तुझी एसटी. मी चिडून म्हटलंही एकदा पवनीच्या बसस्थानकावर, "सुमन, तुला काय हवंय तरी काय? वर्ग चालतो आहे. बाया वाचतात. आता कोणाकडून काय मागतेस?"

तू केळं सोलत होतीस. "आपण जे करतो त्याले शिक्षण म्हणा, येवढंच मांगून राहिली मी."

"ते नाही म्हणणार."

"नाही म्हणतीन. पण दरवर्षी कोणाले तरी आपला अर्ज वाचावा लागते. वाचून नाही म्हणावं लागते. न वाचता नाही म्हणायची सवय लागू नाही देणार मी त्याईले."

"आणि आपल्याला थकायची सवय लागली त्याचं काय?"

तू अर्धं केळं मला दिलंस. गाडी लागली.

पोटाचं दुखणं तू किती दिवस अंगावर काढलंस कोण जाणे. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर प्रभाकरभाऊंना बाजूला घेऊन बोलले, आणि भाऊ तिथेच खाली बसले. घरी आणल्यावर मी शाळा सुटली की येऊन बसत असे. तू बारीक झाली होतीस, हातांच्या काड्या झाल्या होत्या, तरी रोज विचारायचीस, आज कोणतं नाटक चालू आहे, किती जणी आल्या. आणि त्या शुक्रवारी तू उशीखालून वर्तमानपत्राचं कात्रण काढलंस. नवीन योजना. ग्रंथालयांसाठी.

"इंदू, लिहून टाक ना वं."

मी म्हटलं, "नाही."

इतक्या वर्षांत मी कुरकुर केली होती, नाही असं कधी म्हटलं नव्हतं. तू कात्रण खाली ठेवलंस. "थकली का तू?"

"हो. थकले."

"मीबी थकली," तू म्हणालीस. "लय थकली." मग, "पण थकून बी लिहिता येते ना वं?"

मी फुलपात्र उचललं. तुझ्या तोंडाला पाणी लावलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, उद्या बोलू, उद्या भांडू. सोमवारी तू गेलीस. ते भांडण तिथेच राहिलं आणि मी अजूनही त्यात माझ्याच बाजूला आहे. तू गेलीस म्हणून मी बाजू बदलावी, असं तुलाही वाटलं नसतं. तुला ती माझी हार लुटुपुटीची वाटली असती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी होती. दरवर्षी नको नको म्हणत मी पिशवी भरायची ती अनुदान मिळेल म्हणून कधीच नाही. नाटकाच्या नावावर ते मिळणार नाही, हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं. मला ती गाडी हवी होती. खिडकीशी तू, आणि धान रोवण्याच्या दिवसांत शेतातल्या बांध्यांमध्ये वाकलेल्या बायांना तू मारलेल्या हाका. एकटीच्या आयुष्यात वर्षातून एकदा तरी कोणीतरी आपल्याला, उद्या लवकर तयार राहा, असं म्हणावं, हे फार मोठं असतं. हे तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि म्हणाली असतीस, मंग दोन अर्ज करू ना वर्षाले.

तुझ्या शोकसभेत अध्यक्ष चांगलं बोलले. तुला निःस्वार्थ म्हणाले, ध्येयवादी म्हणाले. भंडाऱ्याहून कोणी आलं नव्हतं. बाया मागे बसल्या होत्या. त्यांतली एकही बोलायला उठली नाही. मला राग आला त्यांचा. वाटलं, एक वाक्य तरी बोलायचं.

आज शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयाचं दार उघडायला गेले तर त्या ओसरीत बसलेल्याच होत्या, सुपं मांडीवर घेऊन. आत आल्या, सतरंजीवर बसल्या. भागीरथाबाईने कपाटातून नाटक काढलं, पात्रांचं पान उघडलं आणि मोठ्याने वाटणी केली, हिला सासू, तिला सून, जावई पार्वताबाई. मग थांबली. तू नेहमी कोणालाच नको असलेले पार्ट घ्यायचीस, निरोप्याचा, शेजाऱ्याचा, पोस्टमनचा. तिने पुस्तक माझ्याकडे वळवलं.

"बाई, सुमनबाईचे पार्ट आता कोण करन?"

मी म्हटलं, "मी कधी वाचलं नाही गं नाटकातलं."

"येवढ्या वर्षांत?"

"नाही. मी अर्ज लिहीत होते."

"मंग शिका," ती म्हणाली, आणि चाळिशी लावून पान माझ्यापुढे धरलं. निरोप्याला एकच वाक्य होतं. धनी येत आहेत, दिवे लावा. मी वाचलं. पुस्तकात मान घालून, पुटपुटल्यासारखं. पार्वताबाईने पदर डोळ्यांना लावला.

भागीरथाबाईने तसं काही केलं नाही. पुस्तकावर बोट ठेवून ती म्हणाली, "पुन्हा म्हणा जी. थोडं जोरानं. मांगच्या बायाइले ऐकू गेलं नाही."